मापात पाऊण जीबी कमी

दिवाळीत आजोळी गेलो, तर चकलीचा तुकडा मोडायच्या आत मामांनी तक्रार पुढ्यात ठेवली. "त्या दुकानदारानं मापात पाप केलं रे. पैसे चार जीबीचे घेतले आणि दिले सव्वातीन."

सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. मशीन २००९-१० मध्ये असेंबल करून घेतलेलं. दोन जीबी रॅम होती, हळू चालतं म्हणून मामांनी आणखी दोन जीबीची पट्टी टाकून घेतली. पट्टी बसवणारा गेला आणि मामांनी 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली. तिथं लिहिलं होतं, ४.०० जीबी, आणि लगेच पुढे कंसात, ३.२५ जीबी वापरण्याजोगी. ज्या माणसानं आयुष्यभर कागदाची रिमं मोजून घेतली, त्याला हा कंस चोरीच वाटणार. महिनाभर त्यांनी त्या दुकानाची पायरी चढली नव्हती.

त्यातच विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याचे फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते, ते वाचून मामा आणखी धास्तावलेले. प्रत्यक्षात त्यांच्या मशीनवर विंडोज ७ होतं, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलेला. पाच वर्षं त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. कॉमर्स शिकलो, पुण्यात अकाउंट्समध्ये नोकरी करतो. पण घरात ज्याला प्रिंटर चालू करता येतो तो इंजिनिअर, त्या न्यायानं हे काम माझ्याकडे आलं.

पाऊण जीबीचं कोडं तुलनेनं सोपं होतं. बत्तीस बिटांच्या विंडोजला बत्तीस अंकी पत्ते लिहिता येतात, आणि प्रत्येक अंक शून्य किंवा एक. असे पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, आणि एका पत्त्यामागे एक बाइट, म्हणजे बरोबर चार जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमसाठी नसतात. ग्राफिक्स, बायोस, मदरबोर्डवरची इतर उपकरणं, सगळ्यांना त्यातूनच पत्ते द्यावे लागतात. मामांनी दोन वर्षांपूर्वी एनए प्लॉट घेतला होता, म्हणून म्हटलं, "मामा, लेआउट चार एकराचा असला तरी रस्ता आणि ओपन स्पेस सोडूनच प्लॉट पडतात ना? तसं आहे हे. पट्टी खरीच दोन जीबीची आहे. तिच्यातल्या काही जागेला पत्ताच उरला नाही."

मामांना पटलं. निदान गप्प बसले. मग म्हणाले, "मग लेआउट बदलून घे की."

लेआउट बदलायचा म्हणजे चौसष्ट बिटांचं विंडोज टाकायचं. पण त्याआधी प्रोसेसर चौसष्ट बिटांचा आहे का ते बघायला हवं. इथून पुढे माझे दोन दिवस गेले.

मी विचारलं, "सीपीयू कुठला आहे?"

"काळा," मामा म्हणाले.

चूक माझीच. आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, आणि मी विचारत होतो आतल्या प्रोसेसरच्या चिपबद्दल. डब्यावर कंपनीचं स्टिकर असेल म्हणून बघितलं, तर दर दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला त्याच जागी हळदकुंकू लागलेलं. पंधरा वर्षांच्या कुंकवाखालून 'इंटेल' एवढंच वाचता येत होतं.

म्हणून पुन्हा तेच प्रॉपर्टीजचं पान. सिस्टम टाइप: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम. मी घाईनं जाहीर करून टाकलं की मशीन बत्तीस बिटांचं आहे, यावर चौसष्ट चढणार नाही, नवीनच घ्यावं लागेल. खात्री करायला रन उघडून एमएसइन्फो३२ चालवलं. तिथं सिस्टम टाइप होतं 'एक्स८६-बेस्ड पीसी'. झालं, दोन साक्षीदार मिळाले.

मामांचा चेहरा पडला, पण त्यांच्या ऑपरेटर ताई मागून म्हणाल्या, "८६ मोठं की ६४? म्हणजे आपलं ८६ वालं आहे तर ते जास्त चांगलं नाही का?"

मी हसलो खरा, पण प्रश्न अजिबात बावळट नव्हता. या नावांनी घोळच घालून ठेवलाय. एक्स८६ मधल्या ८६ चा बिटांशी संबंध नाही. इंटेलनं १९७८ मध्ये ८०८६ नावाची सोळा बिटांची चिप काढली. तिच्या वारसांची नावं ८०१८६, ८०२८६, ८०३८६. शेपूट सगळ्यांचं ८६, म्हणून अख्ख्या घराण्यालाच एक्स८६ म्हणायला लागले. यातली ३८६ ही १९८५ ची, आणि या घराण्यात बत्तीस बिट आले ते तिच्यापासून. त्यामुळे विंडोजमध्ये एक्स८६ म्हणजे बत्तीस बिट आणि एक्स६४ म्हणजे चौसष्ट, असा उलटा दिसणारा हिशेब रूढ झाला. ताईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आडनाव आहे ते." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

त्याच पानावर प्रोसेसरची ओळ होती, जी मी आधी नीट वाचलीच नव्हती: इंटेल कोअर २ ड्युओ ई७५००, २.९३ गीगाहर्ट्‌झ. मोबाइलवर हा नंबर शोधला. २००९ चा प्रोसेसर, दोन कोअर, आणि चौसष्ट बिटांना पाठिंबा: आहे. म्हणजे दोन साक्षीदार नाही म्हणतायत आणि कंपनीचा कागद हो म्हणतोय.

रात्री जेवणं झाल्यावर परत दुकानात गेलो. विंडोज ७ च्या कंट्रोल पॅनलमध्ये, मशीनला गुण देणाऱ्या परफॉर्मन्सच्या पानात खोलवर, सविस्तर माहिती छापण्याची एक लिंक असते. ती उघडली. वर तेच, ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम. आणि त्याखाली निमूटपणे: ६४-बिट केपेबल, येस.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चिपबद्दल विचारत होतो आणि उत्तर विंडोज स्वतःबद्दल देत होतं. भाडेकरूला विचारलं घर किती खोल्यांचं, तर तो त्याच्याकडे आहेत तेवढ्याच खोल्या सांगणार. वरच्या मजल्याला कुलूप आहे, किल्ली मालकाकडे आहे, हे त्याच्या गावीही नसतं. २०१० मध्ये ज्यानं मशीन जोडलं त्यानं दोन जीबी रॅमवर बत्तीस बिटांचं विंडोज टाकलं, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं विंडोजशी जोडणारे छोटे प्रोग्राम, सहज त्याचेच मिळायचे. वरचा मजला पंधरा वर्षं तसाच बंद राहिला.

शहानिशा करायला कमांडची काळी खिडकी उघडून 'प्रोसेसर_आर्किटेक्चर' हा व्हेरिएबल छापून बघितला. उत्तर, एक्स८६. म्हणजे हाही भाडेकरूच. तुलनेसाठी माझ्या लॅपटॉपवर तीच कमांड दिली आणि चक्रावलो. माझ्या लॅपटॉपवर इंटेलचं स्टिकर ढळढळीत चिकटलेलं आहे, कुंकूबिंकू काही नाही, आणि स्क्रीनवर आलं एएमडी६४. एएमडी म्हणजे इंटेलची प्रतिस्पर्धी चिप कंपनी. दोन मिनिटं मला खरंच वाटलं की आपल्याला कुणीतरी दुसरीच चिप घालून दिली. म्हणजे मामांच्याच जातीचा संशय. खाण तशी माती.

कारण शोधलं, तर मागे एक जुनी शर्यत निघाली. इंटेलनं चौसष्ट बिटांसाठी एचपीबरोबर इटॅनियम नावाचं वेगळंच घराणं उभं केलं. २००१ मध्ये ते बाजारात आलं, पण जुने एक्स८६ चे प्रोग्राम त्यावर रडतखडत चालायचे. एएमडीनं उलट केलं. जुनं घर तसंच ठेवून त्यावर मजला चढवला: जुने बत्तीस बिटांचे प्रोग्राम आहे त्या वेगानं चालतील आणि हवं त्याला चौसष्टही मिळतील. ती चिप, ऑप्टेरॉन, एप्रिल २००३ मध्ये आली. लोकांना हेच हवं होतं. २००४ मध्ये इंटेललाही आपल्या चिपमध्ये एएमडीचीच रचना घ्यावी लागली. तिला त्यांनी स्वतःचं नाव दिलं, पण विंडोजच्या पोटात आणि विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या डेबियन लिनक्सच्या फाइलींच्या नावांत एएमडी६४ हेच राहिलं. म्हणजे इंटेलच्या प्रत्येक लॅपटॉपच्या आत प्रतिस्पर्ध्याचं नाव कोरलेलं आहे. मला हे फार आवडलं. डाउनलोडच्या पानावर 'एएमडी६४' बघून आपण कितीदा तरी 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून माघारी फिरलो असू.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंडोजला बाजूलाच ठेवलं. माझ्याकडे जुन्या मशीनसाठी ठेवलेला बत्तीस बिटांच्या लिनक्सचा पेनड्राइव्ह होता, त्यावरून मशीन चालू केलं. तिथं 'युनेम -एम' दिलं की आर्किटेक्चर कळतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. उत्तर आलं आय६८६, म्हणजे पुन्हा बत्तीस. मी आता शहाणा झालो होतो. युनेम फक्त कर्नलबद्दल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याबद्दल बोलतं, आणि कर्नल पेनड्राइव्हवरचं होतं. मग 'एलएससीपीयू' दिलं. पहिल्या ओळीत आय६८६ च, पण दुसऱ्या ओळीत चालू शकणारे मोड: ३२-बिट, ६४-बिट. हा मात्र थेट चिपला विचारून आलेला जबाब.

पुढे 'प्रॉक' मधली 'सीपीयूइन्फो' ही फाइल उघडली. चिपला काय काय येतं त्याची दोन-दोन, चार-चार अक्षरांची लांबलचक यादी असते तिच्यात. आपल्याला हवी ती दोन अक्षरं, एल आणि एम. लाँग मोड. ही असली की चिप चौसष्टची, नसली की नाही. मामांना बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, प्रूफ तपासतात तसं, अख्खी यादी वाचली आणि विचारलं, "हे एसएसई४_१ आहे, मग ४_२ कुठाय?"

प्रूफरीडरचा डोळा. ४_२ खरोखरच नव्हतं, आणि तेच महत्त्वाचं होतं. एसएसई हे चिपला कळणाऱ्या जादा आज्ञांच्या संचांचं नाव, आणि ४_२ हा संच इंटेलच्या पुढच्या पिढीत आला. २०२४ च्या अखेरीस आलेलं विंडोज ११ चं २४एच२ हे रूप त्याच्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे चौसष्ट बिट आहेत एवढ्यानं भागत नाही. चौसष्टमध्येही जुने-नवे आहेत. त्याच फाइलीत पत्त्यांची लांबी दिलेली होती: प्रत्यक्ष ३६ बिट, आभासी ४८. चौसष्ट बिटांची चिप म्हणायची आणि रॅमला पत्ते छत्तीसच बिटांचे. त्यात ६४ जीबी बसतात, मामांच्या मदरबोर्डला त्यातले आठच झेपतात. मामा म्हणाले, "म्हणजे पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापायचं, आणि पानं दोनशेचीच मांडायची."

चाचणीपुरतं म्हणून जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली, दुसरी जोडली आणि तिच्यावर चौसष्ट बिटांचं विंडोज १० टाकलं. चढलं. प्रॉपर्टीज उघडली, तर ऑनबोर्ड ग्राफिक्सनं थोडी ठेवून घेतलेली सोडली तर जवळजवळ अख्खी चार जीबी वापरण्याजोगी. मामा एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारचा झेरॉक्सवाला आला. "निघालं की नाही पाऊण जीबी!"

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. मग डीटीपीचं सॉफ्टवेअर टाकलं. मराठी फाँटचं, वीस वर्षांपूर्वी घेतलेलं, डब्याच्या मागे पंचवीस पिनांच्या पोर्टला काडेपेटीएवढा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्लीच, लावला तरच उघडणारं. मामांच्या वीस वर्षांच्या पत्रिका त्याच फाँटमध्ये आहेत. सगळीकडे सारखी चालणारी युनिकोडची पद्धत नव्हे, त्यामुळे त्या फाइली दुसरीकडे उघडल्या तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. प्रोग्राम बसला, उघडला, त्याचं चित्र झळकलं आणि निरोप आला: डोंगल सापडला नाही.

डोंगल काढला, फुंकर मारली, परत लावला. सीडीवरचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. तास गेला. शेवटी कळलं की हा दोष डोंगलचाही नाही आणि चिपचाही नाही. चौसष्ट बिटांचं विंडोज बत्तीस बिटांचे प्रोग्राम व्यवस्थित चालवतं. त्यांच्यासाठी वेगळी ओसरीच काढलेली असते, 'प्रोग्राम फाइल्स'नंतर कंसात एक्स८६ लिहिलेलं फोल्डर ते हेच. (आतली गंमत अशी की चौसष्टच्या फाइली राहतात सिस्टम३२ मध्ये आणि बत्तीसच्या राहतात सिसवाव६४ मध्ये. हे ताईंना सांगायचं धाडस मी केलं नाही.) पण ड्रायव्हर ओसरीवर बसत नाही. तो थेट देवघरात, कर्नलमध्ये जातो. तिथं फक्त चौसष्ट बिटांच्या सोवळ्यालाच प्रवेश, आणि त्यावर सहीशिक्काही लागतो. आमचा ड्रायव्हर बत्तीसचा. बनवणाऱ्यांनी पुढे नव्या डोंगलची नवी आवृत्ती काढली, पण मामांनी कधी घेतली नाही, कारण जुनीचे हप्ते फेडून ते नुकते मोकळे झाले होते.

पतसंस्थेच्या सभासदांचे पत्ते पाकिटांवर छापणारा एक डॉसचा प्रोग्रामही होता, नव्वदच्या दशकातला, सोळा बिटांचा. त्यानं तर उघडायचंच नाकारलं. चौसष्टच्या मोडमध्ये चिप गेली की डॉससाठी लागणारी जुनी सोय चिपमध्येच बंद होते, आणि चौसष्टच्या विंडोजनंही तो भाग काढून टाकला आहे. याला डॉसबॉक्सचा, म्हणजे जुन्या डॉस मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामचा, उपाय निघाला. डोंगलला नाही.

म्हणजे मी दोन दिवस एकच प्रश्न विचारत होतो, चिप कुठली, आणि मामांचं काम अडणार होतं सगळ्यात लहान, सगळ्यात मागे लावलेल्या डोंगलपाशी. चिप, विंडोज, प्रोग्राम, ड्रायव्हर: चौघांचे बिट वेगवेगळे असू शकतात, हे आधी कळतं तर मी डब्याच्या मागच्या बाजूनं सुरुवात केली असती.

जुनी हार्ड डिस्क परत बसवली. मशीन पुन्हा बत्तीसवर, पुन्हा सव्वातीन जीबी. इंटरनेटची वायर काढून टाकली. मॅटर पेनड्राइव्हनं येईल. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, युनिकोडचं नवं काम यासाठी दुसरं मशीन घ्यायचं ठरलं, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो.

दुकानदारानं आधी एक पातळसा लॅपटॉप दाखवला. बॅटरी दिवसभर, वजन काहीच नाही. प्रॉपर्टीज उघडली तर 'एआरएम-बेस्ड प्रोसेसर'. ही मोबाइलच्या चिपची जात, एक्स८६ शी रक्ताचं नातं नाही. जुने प्रोग्राम दुभाष्या लावून चालवते, पण ड्रायव्हर तिचा तिलाच लागतो. मी विचारलं, मामांच्या जुन्या लेझर प्रिंटरचा मिळेल का? दुकानदारानं शोधलं, नाही मिळाला. आठवड्यापूर्वीचा मी तो लॅपटॉप उचलून आणला असता.

शेवटी कंपनीतून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला, आठव्या पिढीचा कोअर आय५, म्हणजे विंडोज ११ इंटेलकडून मागतं त्यातली जवळपास सगळ्यात जुनी पिढी. पैसे द्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडून ती एक ओळ वाचली: ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर. या ओळीत एक स्वल्पविराम आहे. त्याच्या आधीचं विंडोजबद्दल, नंतरचं चिपबद्दल. विंडोज ७ मध्ये स्वल्पविराम आणि पुढचा अर्धा भाग नव्हताच, आणि मी तिथंच फसलो होतो. मामांना हे सांगितलं. विरामचिन्हाची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागत नाही. 'श्री' आणि 'सौ' मधला एक स्वल्पविराम राहिला म्हणून त्यांनी एकदा तीनशे पत्रिका परत छापून दिल्यात.

येताना ते त्या रॅमवाल्याच्या दुकानापाशी थांबले. फराळाचा डबा दिला, की-बोर्ड घेतला, किमतीची घासाघीस केली नाही. चोरीचा विषय कुणी काढला नाही.

तुळशीचं लग्न आलं होतं, म्हणजे पुढे पत्रिकांचा हंगाम. निघायच्या दिवशी ताई जुन्या डब्यावर चिकटवायला लेबल करत होत्या, स्केचपेननं. मी मजकूर सांगितला: चिप ६४, विंडोज ३२, डोंगल ३२, नेट लावू नये. ताईंनी पेन टेकवला तेवढ्यात मामांनी हात धरला. कागद स्वतःकडे ओढून वर मधोमध 'श्री' लिहिलं आणि परत दिला.

"हं, आता लिही."